डाव्या हाताची देवी

त्या माणसाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या एका हातात मधाची पोळी होती आणि दुसऱ्या हातात माझी अब्रू.

लीबरदेवाचा सण होता. मार्च अर्धा सरला होता आणि पाऊस असा भुरभुरत होता की धड भिजवेना, धड थांबेना. कोपऱ्याकोपऱ्यावर म्हाताऱ्या डोक्यावर वेलींचे मुकुट घालून बसल्या होत्या. शेगडीवर पोळ्या तळायच्या, वर मध ओतायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या. आमच्या कायलियन टेकडीच्या उतारावरच्या आजींकडून मी दोन पोळ्या घेतल्या, एक बाबांना, एक मला. काशाचं नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि वळले. तेवढ्यात मागून आवाज आला...

"आजी, थांबा! हे नाणं कुणी दिलं?"

"या पोरीनं. का? खोटं आहे?"

"खोटं नाही. चुकीचं आहे."

मी वळून पाहिलं. उंच, सडपातळ, मान बगळ्यासारखी पुढे काढलेली. अंगाभोवती गुंडाळलेला पांढरा टोगा डाव्या खांद्यावरून घसरत होता आणि तो कोपरानं वर ढकलत होता. पोळीचा मध मनगटावरून ओघळत होता. तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. डोळे दुसऱ्या हातातल्या नाण्यावर.

"चुकीचं म्हणजे?" आजींनी विचारलं. "याच्या भाकऱ्या येतील ना?"

"येतील, पण—"

"मग बरोबर आहे." आजींनी नाणं हिसकावून कनवटीला लावलं.

तो माझ्याकडे वळला, जणू न्याय मीच करणार होते. "तुम्ही पाहिलंत? आरोग्याची सालूसदेवी वेदीवरच्या सापाला भरवतेय, आणि थाळी कुठल्या हातात? डाव्या! देवकार्य, आणि डाव्या हातानं! ज्यानं हा ठसा कोरला त्याला एक तर डोळे नसावेत, नाहीतर धर्म."

तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तो ठसा मी कोरला होता.

"डोळेही असतील आणि धर्मही असेल," मी म्हणाले. "फक्त तुमच्याइतका रिकामा वेळ नसेल. आणि तो मध पुसा. टोग्याला लागतोय."

तो खाली बघेपर्यंत मी निम्मा चढ चढून गेले होते.

आता खरं काय ते सांगते. माझे बाबा, हेर्मेरोस, टांकसाळीत ठसे कोरणारे. चाळीस वर्षं. गुलाम होते तेव्हाही तेच काम, मालकानं मुक्त केल्यावरही तेच. टांकसाळीच्या मागच्या दोन खोल्या त्यांना कामाबरोबर मिळालेल्या. तिथेच मी जन्मले, तिथेच आई गेली. पण दोन वर्षांपासून बाबांच्या डोळ्यांवर साय धरायला लागली होती. आधी अक्षरं पुसट झाली, मग देवांचे चेहरे, मग माझा. ठशाशिवाय आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हणून छिन्नी मी उचलली. लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून लाकडावर, शिशावर गिरवत आलेच होते.

फक्त एक गोष्ट. ठसा उलटा कोरावा लागतो. आरशात दिसतो तसा. नाण्यावर उजवीकडे हवं ते ठशावर डावीकडे. हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. तरीही पहिला खरा ठसा कोरताना, घाबरून, घाईत... देवीची आकृती मी सरळ कोरून बसले. बाबांनी अंगठ्यानं चाचपून पाहिलं, पण राईएवढा हात अंगठ्याला काय कळणार? कोणाच्या लक्षात यायच्या आत हजारो नाणी बाजारात गेली.

लक्षात आलं ते नेमकं त्या मधाळ बगळ्याच्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी टांकसाळीचे मुकादम अम्पलियात आमच्या कामाच्या खोलीत आले. गोल पोट, कायम घामेजलेले, आणि आयुष्यात एकच इच्छा... कटकट नको. त्यांच्यामागून टोगा सावरत आत आला तो.

मी छिन्नी झटकन बाबांच्या हातात कोंबली.

"हेर्मेरोस, हे औलस वेरानियस," अम्पलियात म्हणाले. "पुरोहितमंडळाचे लेखनिक. नव्या नाण्यावर कोंकोर्दियादेवी आहे ना, वधूवरांना आशीर्वाद देणारी? तिचे विधी नीट आहेत की नाहीत ते हे बघतील. आणि..." त्यांनी आवंढा गिळला. "ती डाव्या हाताची सालूस कुणी कोरली तेही शोधतील. मे महिना लागताच नाव हवंय वरती. ज्याचं असेल तो टांकसाळीबाहेर."

वेरानियसनं मला ओळखलं. कानापर्यंत लाल झाला. "मध निघाला," तो म्हणाला.

"बरं झालं," मी म्हणाले.

अम्पलियात कटकटीपासून दूर निघून गेले. वेरानियस वाकून अर्धवट कोरलेला ठसा बघू लागला. आणि एकदम ताठ झाला.

"अहो, पण इथेही तेच! नवरानवरी डावे हात मिळवताहेत! लग्नात डावे हात? या टांकसाळीत उजवा हात कुणाला आहे की नाही?"

माझा संयम तिथेच संपला. "हा ठसा आहे! ठसा उलटा असतो! चकतीवर मारला की सरळ होतो. हे बघा..." मी मेणाचा गोळा ठशावर दाबला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "आता? उजवे?"

तो मेणाकडे बघत राहिला. मग ठशाकडे. मग पुन्हा मेणाकडे. चूक झाली म्हणून वरमेल असं मला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच उजळलं.

"म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "सालूस कोरणारा उलटं करायचंच विसरला. सरळ कोरलं." त्यानं बाबांकडे पाहिलं. "चाळीस वर्षं काम केलेला माणूस असं विसरेल?"

मी जीभ चावली. चोराच्या हाती किल्ली मीच दिली होती.

"म्हातारपण, बेटा," बाबा शांतपणे म्हणाले. "आणखी तीस वर्षांनी तूसुद्धा टोगा उलटा नेसशील."

"तो आताच नेसतोय," मी पुटपुटले.

"ऐकलं मी," वेरानियस म्हणाला. आणि, काय सांगू... हसला. वाईट हसू असतं तर सोपं गेलं असतं.

*

त्यानंतर तो रोज यायला लागला. रोज! आणि रोज नवी हरकत.

वेदीला हार नाही. बरं, हार कोरला. हार फार भरघोस, देवळाच्या वेदीला एवढा नसतो. पातळ केला. नवरीची ओढणी कपाळावर फार पुढे आलीय. मागे घेतली. आता देवीच्या हातातली थाळी अशी कललीय की तिच्यातली अर्पणाची दारू थेट नवरीच्या डोक्यावर सांडेल.

"मग सांडू दे!" मी ओरडले. "या पावसात तीही भिजेल, आपणही भिजतोय."

"दारू नवरीच्या डोक्यावर सांडणं हा कुठलाही विधी नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "मी नोंदी चाळल्या."

"तुम्ही त्याच्या नोंदी चाळल्या?"

"काल दिवसभर."

असल्या माणसाचं काय करायचं? बाबा कोपऱ्यात बसून गालातल्या गालात हसायचे. तो आला की मी छिन्नी त्यांच्या हातात द्यायचे आणि मेण मळायला घ्यायचे. बाबा छिन्नी धरून विचारमग्न बसायचे. एकदा त्यांनी ती उलटी धरली होती. वेरानियसनं पाहिलं. स्वतःच्या पाटीवर काहीतरी लिहिलं.

पण खरं सांगते, तो यायच्या वेळेला मी केस बांधायला लागले होते. आधी केसांत धातूचा भुगा असला तरी पर्वा नव्हती. आता आरशात बघायचे. आणि बघितलं की स्वतःचाच राग यायचा. बापाची भाकरी हिरावून घ्यायला आलेला माणूस, आणि मी त्याच्यासाठी वेणी घालतेय!

एक दिवस तो भर पावसात आला. टोगा निथळत होता. "हात," तो धापा टाकत म्हणाला. "नवरानवरीचे हात चुकलेत."

"उलटा ठसा आहे," मी दात आवळून म्हणाले.

"तसं नव्हे. बोटं बोटांत गुंतलीत. ते बरोबर नाही. लग्नात तळव्यावर तळवा असतो, अंगठा वरून."

"मग दाखवा ना! नुसतं सांगून काय उपयोग?"

बोलून गेले आणि मेणाकडे बघायला लागले. बाबांना अचानक अंगणातली कोंबडी आठवली आणि ते भिंत चाचपत बाहेर गेले. आमच्याकडे कोंबडी नव्हती.

"म्हणजे... कामापुरतं," तो म्हणाला.

"कामापुरतंच," मी म्हणाले.

त्यानं उजवा हात पुढे केला. शाईचे डाग पडलेला, पावसानं गार झालेला. मी माझा दिला. मला ठशासाठी उलटं चित्र हवं होतं, म्हणून टेबलावरचा पितळी आरसा सरळ केला आणि आम्ही दोघं त्यात बघू लागलो. दोन हात. अंगठा वरून. छपरावरून पाणी टपटपत होतं.

"असं," तो म्हणाला.

"असं," मी म्हणाले.

"बोटं थोडी... सैल."

"तुमचीच घट्ट आहेत."

"हो का?" सैल मात्र केली नाहीत.

"झालं का बघून?"

"नाही... अंगठा अजून..."

मी आरशात नजर वर केली. तो अंगठ्याकडे बघतच नव्हता. आरशातून माझ्याकडे बघत होता, असा की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच नोंदीत सापडत नाहीये. मी हात सोडवून घेतला.

"लग्नाबद्दल बरंच माहीत आहे तुम्हाला," मी मेण उगाचच मळत म्हणाले.

"दोनदा ठरत आलं होतं माझं."

"मग?"

"पहिल्या वेळी शकुन सांगणाऱ्यानं कावळा डावीकडून गेला म्हटलं. तो उजवीकडून गेला होता. मी तसं सांगितलं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"कावळाच नव्हता तो."

मी हसू दाबायचा खूप प्रयत्न केला. नाही दाबता आलं. तोही हसला, टोगा पुन्हा घसरला, आणि मला कळून चुकलं की माझं काही खरं नाही.

*

ठसा एप्रिलच्या विसाव्या दिवशी पूर्ण झाला. देवी, वेदी, पातळ हार, नीट धरलेली थाळी, आणि खाली ते चिमुकलं जोडपं. शेवटचा हात फिरवताना मी एक आगाऊपणा केला. नवऱ्याची मान जराशी पुढे काढली, आणि त्याचा टोगा डाव्या खांद्यावरून किंचित घसरू दिला. का केलं? मला विचारू नका. छिन्नी आपोआप वळली.

वेरानियसनं मेणावरचा छाप उजेडात धरला. मी हरकतीची वाट बघत होते. टोगा घसरलेला नवरा! यावर तर त्यानं तासभर कीस काढायला हवा होता.

त्यानं स्वतःचा टोगा हळूच वर ओढला. मेण खाली ठेवलं.

"हरकत नाही," तो म्हणाला, आणि निघून गेला.

हरकत नाही! महिनाभर माझं डोकं खाल्लं आणि आता एवढंच? धड आवडलं नाही, धड नावडलं नाही, डोळे वर करून पाहिलंसुद्धा नाही. मी इतकी चिडले की जेवणच गेलं नाही.

"पोरी," बाबा म्हणाले, "मला दिसत नाही म्हणून विचारतो. जाताना तो दाराला धडकला का?"

"धडकला. दोनदा."

"मग जेव."

तीन दिवसांनी अम्पलियात घाम पुसत आले. "हेर्मेरोस, नाव द्यायचा दिवस जवळ आलाय. पुरोहितांनी पुन्हा विचारलंय. दुसरं नाव नसेल तर तुझंच जाईल. मी काय करू? मला कटकट नको."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. चूक माझी, आणि चाळीस वर्षांचं नाव बाबांचं मातीत जाणार? सकाळी ठरवलं. वेरानियस आला की त्याला सगळं सांगायचं. तो माझा तिरस्कार करेल. करू दे. पण बाबांना त्यात ओढणार नाही, एवढा तो सरळ आहे.

आणि तो आलाच नाही!

नको होता तेव्हा रोज. हवा होता तेव्हा नाही. चौथ्या दिवशी मी स्वतः खाली चौकाजवळच्या नोंदींच्या कचेरीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"वेरानियस? सुट्टी घेऊन गेलाय. साबीन लोकांच्या डोंगरात."

"कशाला?"

"मला काय ठाऊक? गाढवही घेतलं नाही. म्हणाला, गाढव शिवेवर अडलं तर अपशकुन होईल, वेळ जाईल."

मी परतले ती संतापानं पाय आपटत. पळाला होता तर. नाव लिहून दिलं असणार आणि आमच्यासमोर यायला तोंड नाही म्हणून डोंगरात दडून बसला असणार. रस्ताभर मी त्याला मनात शिव्या दिल्या, आणि टेकडीच्या चढावर माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. त्याचाही राग आला.

*

एप्रिलचा शेवटचा दिवस. फ्लोरादेवीचा उत्सव रंगात आला होता. सगळी नगरी रंगीबेरंगी कपड्यांत रस्त्यावर, केसांत फुलं, दारोदार हार. चौथऱ्यावरून उत्सवाचे लोक गर्दीवर चणे उधळत होते आणि बायापोरं ओंजळी पसरून झेलत होती. मी बाबांना धरून उंबऱ्यावर बसवलं होतं. ते फुलांचा वास घेत होते. मी मनात उद्याचे शब्द जुळवत होते. सकाळी स्वतः पुरोहितांच्या दारात जाऊन सांगायचं ठरवलं होतं.

गर्दीतून कोणीतरी लंगडत येत होतं. चिखलानं माखलेला टोगा, आठवड्याची दाढी, केसांत दोनचार चणे अडकलेले.

"त्रेबिया!" तो ओरडला. त्यानं मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती.

मी धावत गेले आणि त्याला बोलूच दिलं नाही. "आधी माझं ऐका! ती सालूस मी कोरली. मी. बाबांना दोन वर्षं दिसत नाही. मी डावखुरी आहे, घाबरले होते, सरळ कोरून बसले. काय शिक्षा करायची ती मला करा, पण त्यांचं नाव लिहू नका. लिहिलंच असेल तर खोडा!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू कोरलीस ते. तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तुझ्या डाव्या हाताच्या नखांत पितळेचा भुगा होता, आणि तुझ्या बाबांची नखं स्वच्छ."

"तिसऱ्या?" माझा आवाज चिरकला. "मग तो हार? ती थाळी? महिनाभर छळलंत मला ते कशाला?"

"थाळी खरंच कललेली होती." त्यानं मान खाली घातली. "हाराचं... हाराला तसा फार अर्थ नव्हता."

चण्यांची एक मूठ आमच्या डोक्यांवर येऊन पडली. मी त्याला धरून भिंतीकडे ओढलं. "आणि आता? काय लिहिलंत?"

"मला खोटं लिहिता येत नाही, त्रेबिया. प्रयत्न केला. हात थांबतो." तो भिंतीला टेकला, दुखरा पाय उचलून धरला. "म्हणून विचार केला, कुठे तरी, कुठल्या तरी जुन्या मूर्तीत देवीनं डाव्या हातानं भरवलं असेल. तसं असेल तर चूक चूक उरत नाही. परंपरा होते. नोंदींत एका जुन्या देवळाचा उल्लेख मिळाला, डोंगरात, दोन दिवसांच्या वाटेवर. मेंढपाळांचं देऊळ. आत मातीची मूर्ती, या नगरीहून जुनी म्हणतात."

"मग? डावा हात होता?"

"नव्हता."

मी डोळे मिटले.

"उजवाही नव्हता," तो म्हणाला. "दोन्ही हात तुटलेले."

मी डोळे उघडले.

"मी तेच लिहिलं. 'सर्वांत जुन्या मूर्तीत देवी उजव्या हातानं भरवत होती असं म्हणायला आधार सापडत नाही.' अक्षरन् अक्षर खरं. आज सकाळी थोरल्या पुरोहितांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, 'दोन्ही तुटलेत?' म्हटलं, दोन्ही. 'कुणी तोडले?' म्हटलं, काळानं. ते थोडा वेळ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, 'एवढ्या जुन्या देवीला चूक ठरवायला मी बसलेलो नाही. विषय मिटला. कुणीतरी माझं जेवण आणा.'"

"मिटला?"

"मिटला. कुणाचंही नाव गेलं नाही."

हसावं की त्याला मारावं हेच मला कळेना. चार दिवस पायपीट केलेला, तळपायाला फोड आलेला माणूस समोर उभा होता. सांगितलं असतं तर मी एवढी रडले नसते, उपाशी राहिले नसते, त्याला मनातल्या मनात टायबरमध्ये दहा वेळा ढकललं नसतं.

"जाताना सांगून जायला काय झालं होतं?" मी ओरडले. "मला वाटलं पळालात! मला वाटलं... हरकत नाही म्हणालात आणि तोंड फिरवून गेलात!"

"मला दुसरं काही बोलताच येईना." तो हळूच म्हणाला. "त्या ठशावरचा नवरा... मी होतो ना?"

गर्दी केवढा कल्लोळ करत होती. तरी त्या प्रश्नानंतर मला काहीच ऐकू आलं नाही. मी मान हलवली. हो.

"मला तेवढीच खात्री करून घ्यायची होती," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उघडा, इतका आनंदी कधी पाहिला नव्हता. "मग नवरी कोण, तेही विचारायचं होतं. म्हणजे... तू होशील का? माझी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"फक्त एक अडचण आहे," तो म्हणाला.

"आता काय!"

"उद्यापासून मे. मे महिन्यात भुतांना दानं देतात, लग्न करत नाहीत. जूनमध्येही वेस्टादेवीच्या देवळातला केर नदीत पडेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे अर्धा जून. साडेसहा आठवडे."

"आणि हे मला तू एप्रिलच्या शेवटच्या दिवशी सांगतोस?" संतापाच्या भरात माझ्याही तोंडून 'तू' निघालं. "आधी बोलला असतास तर हार पातळ करण्यात गेलेले दिवस कामी आले असते!"

"परवाच पोचलो असतो, पण पाय... आणि आजचा दिवस म्हटलं तर, महिन्याच्या आरंभाच्या आदला, तसा तोही काही—"

"पोरी!" उंबऱ्यावरून बाबांचा आवाज आला. बहुधा सुरुवातीपासून सगळं ऐकत होते. "हो म्हणून टाक एकदाची! याला बोलत ठेवलंस तर जुलैही हातचा जाईल!"

शेजारपाजारचे हसले. एका बाईनं आमच्यावर ओंजळभर चणे टाकले.

"हो!" मी ओरडले. इतक्या जोरात की चौथऱ्यावरच्या माणसाचा हात हवेतच थांबला. "हो, हो, हो! झालं समाधान?"

वेरानियसनं केसांतला चणा काढला. चिखलातला, थकलेला, हरखलेला. माझ्याकडे बघत राहिला.

"या गोंगाटात नीट ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "पुन्हा म्हणशील?"

त्याला नीट ऐकू आलं होतं. सगळ्या टेकडीला ऐकू आलं होतं. तरी मी टाचा उंचावल्या, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि पुन्हा म्हटलं... या खेपेला हळू, त्याच्यापुरतंच.